आंकड्यांतून स्वराकडे

दहिवली हें उल्हास नदीच्या कांठचें, कर्जतलगतचें गांव. तेथील एखाद्या मध्यम स्थितीच्या गृहस्थास आज रात्रीं जेवणानंतर खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें गाणें नीट ऐकावयाचें झालें, तर त्यास किती खर्च येईल? प्रश्न वरवर बाजारांतला दिसतो. परंतु याच प्रश्नास गेल्या सव्वाशें वर्षांत निरनिराळीं उत्तरें मिळत आलीं आहेत. आणि चांगलें संगीत कोणाच्या घरांत शिरलें व कोणाच्या दाराशीं थबकलें, हें त्या उत्तरांवरूनच ठरत गेलें. म्हणून तो इतिहासाचाही प्रश्न आहे.

यंत्र येण्यापूर्वीं गाणें ऐकावयाचें म्हणजे गवयासमोर जाऊन बसणें प्राप्त होतें. संस्थानिकाचा दरबार, धनिकाची मैफल, नाटकगृह आणि देवळांतलें कीर्तन हींच ऐकण्याचीं स्थळें. पहिल्या दोहोंचीं दारें सामान्यांस बहुधा बंद, नाटकास तिकीट. कीर्तन तेवढें बहुतेकांस मोकळें. एडिसननें १८७७ सालीं ध्वनि पकडून पुन्हां ऐकविण्याची युक्ति काढली. बर्लिनरनें १८८७ सालीं तिला सपाट तबकडीचें रूप दिलें. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिलेखक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि गोहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. एका बाजूस सुमारें तीन मिनिटें; एवढ्या अवकाशांत राग उभा करावयाचा! आरंभीं या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होऊन इकडे येत. १९०८ पासून कलकत्त्यासच कारखाना निघाला. तबकडीस लागणारी लाख मात्र प्रामुख्यानें आपल्याच देशांतली. स्वर आपला, लाख आपली आणि घडणावळ परक्याची, असा तो आरंभींचा व्यवहार होता.

या यंत्राचा एक मोठा गुण असा कीं, त्यास वीज लागत नसे. किल्ली दिली कीं काम झालें. आमच्या भागापुरतें बोलावयाचें तर ही गोष्ट लहान नव्हती. सह्याद्रीवरच्या पाण्याच्या बळावर १९१५ सालीं खोपोलीस आणि १९२२ सालीं कर्जतजवळ भिवपुरीस टाटांचीं वीजघरें चालूं झालीं. परंतु ती वीज उंच मनोऱ्यांवरील तारांतून मुंबईकडे, तेथील गिरण्यांसाठीं, निघून जाई. तारांखालच्या खेड्यापाड्यांत पुढें कित्येक वर्षें कंदीलच तेवत राहिले. अशा ठिकाणीं गाणें पोहोंचविण्याचें सामर्थ्य किल्लीच्या ग्रामोफोनांतच होतें.

पुढें नभोवाणी आली. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. यंत्र महाग, त्यावर वर्षाला दहा रुपये परवान्याचे. हा खर्च झेपणारीं घरें थोडीं. केंद्र चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आंतच बंद पडली आणि तें काम सरकारास हातीं घ्यावें लागलें. तरीही याच साधनानें महाराष्ट्रांत एकत्र ऐकण्याची एक नवी चाल पाडली. १९५५-५६ सालीं पुणें केंद्रावरून 'गीतरामायण' प्रसारित होऊं लागलें, तेव्हां ज्यांच्या घरीं रेडिओ होता त्यांच्या ओटीवर शेजारपाजारचीं माणसें जमत. घर एकाचें, यंत्र एकाचें, श्रवण मात्र सर्वांचें. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला, १९६३ सालीं निघालेली कॅसेट आली, आणि १९८० नंतरच्या दशकांत स्वस्त कॅसेटींनीं गाणें खरोखर घरोघर नेलें. किंमत उतरली; त्याबरोबर फितीची खरखरही आली, आणि ओटीवरची मंडळी पांगून आपापल्या घरीं गेली.

आतां ज्या वस्तूमुळें हा लेख लिहिण्याचें मनांत आलें, तिच्याकडे वळूं. अलेक रीव्ह्ज या इंग्रज यंत्रज्ञानें १९३७ च्या सुमारास अशी कल्पना मांडली कीं, ध्वनीची लहर जशीच्या तशी न पाठवितां ठराविक क्षणीं तिची उंची मोजावी आणि ते आंकडेच पाठवावे. त्या काळच्या दिव्यांच्या यंत्रांना ही कल्पना परवडण्यासारखी नव्हती. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें ती फळास आली. एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजणी, आणि प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी, असा तिचा हिशेब आहे. परंतु कानास आंकडे ऐकूं येत नाहींत. त्या आंकड्यांची पुन्हां सलग विद्युत्-लहर करणारें जें यंत्र, त्यास बाजारांत 'डॅक' म्हणतात. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रांतील हा रूपांतरक सोळाऐवजीं चौदा द्विमान अंकांचाच होता; यंत्रज्ञांनीं नमुन्यांची संख्या चौपट करून ती उणीव भरून काढली. साधन तोकडें असतांही बुद्धीनें काम साधतां येतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

आज हा रूपांतरक नखाएवढ्या तुकड्यांत मावतो. ज्या फोनमध्यें गाणें वाजतें त्यांत तो असतोच. ज्या फोनांना कानयंत्राचें भोंक उरलेलें नाहीं, त्यांच्याकरितां हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळणाऱ्या शेपटीवजा तारेंतही तो बसविलेला असतो. संगणकाच्या पोटांतील विजेची कुरकुर गाण्यांत मिसळत असेल, तर असा बाहेरचा रूपांतरक अवश्य घ्यावा. परंतु त्याच कामाचीं लाखों रुपयांचीं यंत्रेंही विक्रीस आहेत, आणि त्यांच्यावांचून खरें संगीत ऐकूंच येत नाहीं असा समज पसरविला जातो. येथें इतिहास उपयोगी पडतो. खांसाहेबांच्या उत्तरायुष्यांतील तबकड्या विजेच्या ध्वनिग्राहकानें घेतलेल्या आहेत. तथापि त्यांत उमटलेल्या स्वरांची कक्षा माणसाच्या कानाच्या कक्षेहून बरीच अरुंद आहे. त्यांतलें जें कांहीं आहे तें साधा, नीट बनविलेला स्वस्त रूपांतरक सबंध देऊं शकतो. जें तबकडीवर उतरलेंच नाहीं, तें कितीही पैसे ओतले तरी कोठून येणार? पैसा उरलाच तर तो ध्वनिक्षेपकावर खर्चावा. घरांतल्या श्रवणांत फरक पडतो तो बहुतांशीं तेथें.

सारांश, आमच्या दहिवलीकर गृहस्थाचा प्रश्न इतिहासानें जवळजवळ सोडविला आहे. मात्र त्याच वेळीं एक उलट प्रश्न उभा राहिला आहे, आणि तो अधिक निकडीचा आहे. कित्येक जुन्या घरांच्या माळ्यांवर आजोबांच्या काळच्या लाखेच्या तबकड्या पडून आहेत. कोंकणच्या पावसाळ्यांत त्यांच्या वेष्टनांस बुरशी धरते. एखादी हातून निसटली कीं तिचे तुकडे होतात. नामांकित गवयांच्या तबकड्या कोणी ना कोणी जपल्या आहेत. परंतु एखाद्या विस्मृत नटीचें पद किंवा कीर्तनकाराचें आख्यान यांची उरलेली प्रत कदाचित् अशाच एका माळ्यावर असेल. आंकड्यांतून स्वर काढण्याचें यंत्र आतां कोणासही परवडतें. स्वरांचे आंकडे करून ठेवणारें उलट यंत्रही फारसें महाग राहिलेलें नाहीं. महाग आहे तो वेळ आणि ती कळकळ. नवा रूपांतरक विकत घेण्यापूर्वीं एकदां माळ्यावर चढून पाहावें, एवढीच वाचकांस विनंती.