घरांत आणलेला समुद्र

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत काचेची एक पेटी असावी, तींत समुद्राचें पाणी भरलेलें असावें, आणि त्या पाण्यांत समुद्रपुष्पें उमलावीं, खेकडे हिंडावे, तारामासे काचेवर चढावे, हें दृश्य आज कोणासहि चमत्कारिक वाटणार नाहीं. परंतु मनुष्य हजारों वर्षें समुद्राकांठीं राहत आला असतां, ही गोष्ट त्याला साधली ती अवघ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीं. ती कशी साधली, आणि ती साधल्यावर समुद्राच्या वांट्याला काय आलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत इंग्लंडांतील आहे. तथापि तींतील बोध आपल्या किनाऱ्यालाहि लागू पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत समुद्रांतील लहान जीवांचा अभ्यास बहुतेक मृत जीवांवरच होत असे. शिंपले वाळवून पेटींत ठेवावे, मऊ शरीराचे प्राणी मद्यार्कांत बुडवून बाटलींत ठेवावे, ही रीत होती. ते जिवंत ठेवण्याचा यत्न केल्यास एक-दोन दिवसांतच पाणी नासे, दुर्गंधि सुटे आणि प्राणी मरत. रोज ताजें पाणी आणणें हाच एक उपाय. पण समुद्रापासून दूर असलेल्या लंडन शहरांत तें कोठून आणावें?

या कोड्याचें उत्तर प्रथम एका स्त्रीच्या हातीं लागलें. श्रीमती ॲना थिन यांनीं १८४६ सालीं डेव्हन परगण्यांतील टॉर्की गांवीं कठीण कवचाचे कांहीं प्रवाळ गोळा केले. प्रवासांत ते एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून त्यांनीं ते सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला टांचले आणि पाण्यानें भरलेल्या बरणींतून लंडनला आणले. पुढें समुद्राचें पाणी मिळेनासें झालें, तेव्हां उघड्या खिडकीजवळ उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत राहण्याचें काम त्यांनीं आपल्या दासीला सांगितलें. या खटपटीनें पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढच्या वर्षीं त्यांनीं त्या पाण्यांत समुद्रांतील शैवलहि ठेविलें. असे ते जीव सुमारें तीन वर्षें त्यांच्या घरीं नांदले.

यामागील तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडलें. त्यानें गोड्या पाण्याच्या भांड्यांत सोनेरी मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेविल्या होत्या. माशांच्या श्वासांतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायु वनस्पति उजेडांत शोषून घेते आणि प्राणवायु परत देते. कुजलेलीं पानें गोगलगायी खाऊन टाकतात. प्रत्येकाचें उच्छिष्ट दुसऱ्याचें जीवन होतें, आणि पाणी बदलावें लागत नाहीं. हाच प्रयोग त्यानें लवकरच समुद्राच्या पाण्यावरहि केला.

परंतु ही विद्या घरोघर पोंचविली ती फिलिप हेन्री गॉस यानें. न्यूफाउंडलंडमध्यें कारकुनी, कॅनडांत शेती, अलाबामांत शाळामास्तरी असे नाना व्यवसाय करून झालेला हा निसर्गोपासक १८५२ सालीं प्रकृति ढासळल्यामुळें डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेला. ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांत जें सौंदर्य त्यानें पाहिलें, तें रंगीत चित्रांसह १८५३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडण्यांत आलें. त्यासाठीं कित्येक जीव गॉसनेंच पाठविले होते. १८५४ सालीं त्याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि तो शब्दच इंग्रजी भाषेंत रूढ झाला.

गॉसच्या सूचना एखाद्या दक्ष गृहिणीच्या पाकक्रियेसारख्या होत्या. आधीं शैवल लावावें. त्याला मुळें नसून तें खडकालाच चिकटून वाढतें, म्हणून हातोडा व छिन्नी घेऊन खडकाच्या टवक्यासह तें काढून आणावें. पाणी स्थिरावल्यावर मगच प्राणी सोडावे, व तेहि थोडे. काचेवरील हिरवी बुरशी खरवडण्यास लहान शंखगोगलगायी ठेवाव्या. मेलेला जीव तत्काळ बाहेर काढावा. समुद्र दूर असणारांसाठीं त्यानें कृत्रिम पाण्याची कृतिहि दिली होती. समुद्राच्या पाण्याच्या प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणाच्या आधारें साधें मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार मिसळून त्यानें तें सिद्ध केलें होतें.

काळहि अनुकूल होता. काचेवरील कर १८४५ सालीं उठल्यामुळें काच स्वस्त झाली होती, आणि आगगाडीमुळें समुद्रकिनारा मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आला होता. मग काय विचारतां! सुटीच्या दिवसांत कुटुंबेंच्या कुटुंबें हातोडे, छिन्न्या व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटूं लागलीं. लंडनमध्यें विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें तर समुद्री जीव, पाणी व पेट्या विकण्याचें दुकानच थाटलें.

पण हौस आणि जोपासना या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुतेकांनीं पेटींत गर्दी केली, वाजवीपेक्षां अधिक खाऊं घातलें, पेटी उन्हांत ठेविली. पाणी गढूळ होई, जीव मरत, आणि पेटी रिकामी झाली कीं पुन्हा किनाऱ्यावर धांव घेतली जाई. दहा-पंधरा वर्षांत ही लाट ओसरली, आणि घरोघरच्या पेट्या अडगळींत पडल्या.

त्या तर अडगळींत पडल्या, पण खडक? गॉसचा मुलगा एडमंड लहानपणीं वडिलांबरोबर याच किनाऱ्यावर हिंडत असे. त्यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे कीं, बालपणीं पाहिलेलीं तीं डबकीं संग्राहकांनीं पार लुटून नेलीं. आणि आपल्याच ग्रंथांच्या लोकप्रियतेनें हा अनर्थ ओढवला, हें ध्यानीं येऊन वडिलांना फार क्लेश झाले. ज्यानें या सृष्टीवर जिवापाड प्रेम केलें, त्याच्याच हातून तिच्या नाशाची वाट मोकळी व्हावी, यापरतें दैवदुर्विलसित कोणतें?

येथें दोष विद्येचा नव्हता, ती अर्धीच घेतल्याचा होता. पेटींतला समतोल लोक शिकले. परंतु खडकांतील डबकें हीहि निसर्गाची एक पेटीच आहे, आणि तींतून एक-एक जीव उचलला तर तिचाहि समतोल ढळतो, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. शिवाय पेटीचेंहि सर्व रहस्य तेव्हां कळलें नव्हतें. प्राण्यांच्या मलमूत्रांतून निघणारा विषारी अमोनिया सूक्ष्म जंतु हळूहळू निरुपद्रवी करतात. हे जंतु दगडांवर व वाळूंत वाढण्यास आठवडे लागतात. या जंतूंचें कार्य शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगलें. तोंवर किती जीव अकारण मेले असतील, याची गणतीच नाहीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. मुंबईत १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर एका पारशी दात्याच्या नांवानें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तें राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें. आणि मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनीं काचेआडचा समुद्र प्रथम तेथेंच पाहिला. परंतु उघडा समुद्र त्याहून जवळ आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची मोठी ओहोटी लागली म्हणजे हाजीअलीचे किंवा वांद्र्याचे खडक उघडे पडतात, आणि त्यांच्या खळग्यांत समुद्रपुष्पें, खेकडे व शिंपले मुक्तपणें वावरतांना दिसतात. अलीकडे कांहीं निसर्गप्रेमी मंडळी मुलांना व मोठ्यांना तेथें नेऊन हे जीव दाखवितात, त्यांचीं छायाचित्रें घेतात, आणि जेथल्या तेथें ठेवून परत येतात. प्रवाळ व समुद्रघोडे यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण २००१ सालापासून लाभलें आहे. ते हौसेखातर उचलून आणणें हा गुन्हा आहे.

तेव्हां श्रोतेहो, मुलांना घेऊन ओहोटीला अवश्य जा. भरतीची वेळ आधीं पाहून ठेवा आणि पायांत न घसरणारीं पादत्राणें घाला. एखादा दगड उलटून पाहिलात, तर तो पुन्हा होता तसाच पालथा ठेवा. कारण त्याच्या खालची बाजू हें कोणाचें तरी घर असतें. हातोडा व बरणी मात्र घरींच राहूं द्या.