अजिंठ्याच्या भिंतीवरील जहाज

केदारखेड्याच्या मुलांना जुने शिडाचे जहाज समजून घ्यायचे असेल, तर किनाऱ्यावर जाण्याआधी अजिंठ्याला जावे. वाटेवरचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेईत सापडली आहे. तेव्हा समुद्र आपल्याला वाटतो तेवढा परका नव्हता!

अजिंठ्याच्या क्रमांक 2 च्या लेण्यात पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात एक जहाज बांधण्यात आले. 2023 मध्ये काम सुरू झाले. बाबू शंकरन आणि केरळातील कारागिरांनी फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या. 21 मे 2025 रोजी ते कारवारला 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले.

पण चित्रात मापे नसतात. तळ पाण्याखाली किती खोल होता हे त्यातून कळत नाही, आणि त्या काळचा आराखडाही उरलेला नाही. ही उणीव गणिताने भरावी लागली. जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये झाली. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघालेले 'कौंडिण्य' जानेवारीत मस्कतला पोहोचले. अशा बांधणीचे जहाज अरबी समुद्र ओलांडू शकते, एवढे यावरून सिद्ध होते. चित्रकारापुढचे जहाज नेमके असेच होते, हे मात्र नव्हे.

वर्गात चित्राची नक्कल वाटून पाण्याखालचा भाग मुलांकडून पुरा करून घ्यावा. दहा मुलांचे दहा तळ निघतील. ते साबणाच्या वड्यांत कोरून... नको, साबण बुडेल! हलक्या लाकडात कोरावेत आणि वर थोडे वजन ठेवून, कोणता आधी कलंडतो ते बादलीत पाहावे.