बालचित्रपुस्तकांतील आग : शिक्षेकडून सुरक्षेकडे

मुलांसाठी लिहिलेली पुस्तके ही बऱ्याच अंशी मोठ्यांच्या मनाची कागदपत्रे असतात. मोठ्यांना कशाची भीती वाटते आणि त्या भीतीचे ओझे ते कोणाच्या खांद्यावर ठेवतात, हे त्यांतून स्पष्टपणे दिसते. आग आणि अग्निशामक यांच्यावरील चित्रपुस्तके या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. आग लागली तर दोष कोणाचा, सुटका कोण करणार आणि मुलाने स्वतः काय करावे, या तीन प्रश्नांना त्यांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. जर्मनी, रशिया आणि अमेरिका येथील काही ठळक पुस्तकांच्या आधारे या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधले. मनाजोगते मिळेना, तेव्हा त्यांनी कोरी वही आणून स्वतःच चित्रे काढली आणि पद्ये रचली. हे पुस्तक १८४५ मध्ये छापले गेले आणि पुढे ‘श्ट्रुव्वेलपेटर’ (विस्कटलेल्या केसांचा पेटर) या नावाने जगभर पोहोचले. दुसऱ्या आवृत्तीत त्यात पाउलीन या मुलीची गोष्ट आली. आईवडील बाहेर गेलेले असताना ती काडेपेटीशी खेळते. दोन मांजरे पंजे उंचावून तिला बजावतात, पण ती ऐकत नाही. तिचे कपडे पेट घेतात आणि शेवटी राखेची ढिगी व बुटांचा जोड एवढेच उरते. त्या राखेजवळ बसून मांजरे रडतात.

ही गोष्ट केवळ एका डॉक्टरच्या विक्षिप्त विनोदबुद्धीतून आलेली नाही. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये विकायला काढली होती. जेमतेम दोन दशकांत मुलाच्या मुठीत मावेल अशी आग घराघरांत पोहोचली होती. चुलीतला विस्तव राखावा लागतो, जपावा लागतो. काडीला तसले काही लागत नाही. या नव्या धोक्याला होफमान यांनी दिलेले उत्तर मात्र जुनेच होते : आज्ञाभंग आणि त्याची शिक्षा. विशेष म्हणजे या कथेत अग्निशामक नाही, शेजारी नाही, पाण्याची बादलीही नाही. आग ही येथे आपत्ती नसून निकाल आहे. काडेपेटी हाताशी ठेवून मुलीला एकटे सोडून जाणाऱ्या आईवडिलांविषयी कथा एक शब्दही बोलत नाही.

भीतीने शिकवणाऱ्या या परंपरेतील खरी उणीव रशियन लेखकांच्या लेखनात उघड होते. लिओ टॉलस्टॉय यांनी १८७० च्या दशकात मुलांच्या वाचनमालेसाठी लिहिलेल्या छोट्या गोष्टींत अग्निशामक कुत्र्यांची एक गोष्ट आहे. लंडनमधला बॉब नावाचा कुत्रा जळत्या घरातून एका लहान मुलीला बाहेर आणतो, पुन्हा आत धावतो आणि दुसऱ्या खेपेस तोंडात बाहुली घेऊन येतो. गोष्ट हसवते, परंतु तिच्या आरंभीच टॉलस्टॉय एक गंभीर निरीक्षण नोंदवतात. आगीत मुले घरात राहून जातात, कारण घाबरून ती लपतात व गप्प बसतात, आणि धुरामुळे ती दिसत नाहीत. १९३८ साली निधन पावलेले बोरिस झितकोव यांनी आपल्या बालकथेत याला दुसरे निरीक्षण जोडले : आगीपेक्षा धूर अधिक घातक, कारण माणूस आगीपासून पळतो, पण धुराचे त्याला भय वाटत नाही.

ही दोन निरीक्षणे पाउलीनच्या गोष्टीशेजारी ठेवली, की प्रश्न पूर्णपणे बदलतो. आग लागणे म्हणजे आपला गुन्हा, हे ज्या मुलाच्या मनावर ठसले आहे, ते मूल आग लागल्यावर हाक मारणार नाही; पलंगाखाली किंवा कपाटात दडून बसेल. शिक्षेची भीती काडीला हात लावण्यापासून मुलाला कदाचित रोखेल. पण ठिणगी एकदा पडली, की तीच भीती त्याच्या जिवावर उठते.

साम्वील मार्शाक यांची ‘पझार’ (आग) ही पद्यकथा १९२३ मध्ये पेत्रोग्रादच्या ‘रादुगा’ या खासगी प्रकाशनसंस्थेने बोरिस कुस्तोदियेव यांच्या चित्रांसह प्रसिद्ध केली. आरंभीची मांडणी होफमान यांच्यासारखीच आहे. आई बाजारात जाते, शेगडीला हात न लावण्याबद्दल बजावते. लेना शेगडीचे दार उघडते आणि निखारा बाहेर उडतो. तथापि येथून कथा निराळी वाट धरते. टेहळणीचा मनोरा, घंटा, घोडे, शिड्या असे सारे शहर मदतीला धावून येते. कुज्मा हा अग्निशामक लेनाच्या मांजरालाही वाचवतो आणि जखमी अवस्थेत तिचीच समजूत घालतो. लेनाला शिक्षा होत नाही. मुलाची चूक आणि मुलाचा जीव यांतील अधिक मोलाचे काय, याचे उत्तर या पुस्तकाने निःसंदिग्धपणे दिले. मार्शाक यांच्याच १९३७ च्या दुसऱ्या पद्यकथेत मुलीला वाचवून निघून गेलेल्या एका अनोळखी तरुणाचा शोध सारे शहर घेते. तेथे तर आग कशी लागली, हा प्रश्नच दुय्यम ठरतो.

अमेरिकेत या विषयाचे केंद्र यंत्राकडे सरकले. हार्डी ग्रॅमॅटकी यांचे ‘हर्क्युलिस’ (१९४०) हे घोड्यांनी ओढायच्या जुन्या बंबाची कहाणी सांगते. लोइस लेन्स्की यांचे ‘द लिटल फायर इंजिन’ (१९४६) बंब कसा निघतो, कोठे थांबतो, नळी कशी जोडली जाते, हे साध्या क्रमाने दाखवते. याच काळात सरकारी प्रचारही बालसाहित्यात शिरला. १९४४ मध्ये निर्माण झालेला वणवा-प्रतिबंधाचा ‘स्मोकी’ अस्वल १९५५ मध्ये जेन वर्नर यांच्या मजकुरासह आणि रिचर्ड स्कॅरी यांच्या चित्रांसह स्वस्त बालपुस्तकात आला. त्याचा संदेश प्रभावी होता, परंतु एकेरीही होता. प्रत्येक वणवा वाईटच, ही समजूत पुढे पर्यावरणशास्त्रज्ञांना खोडून काढावी लागली.

खरा बदल घडला तो पुस्तकाने मुलाकडे कर्ता म्हणून पाहायला आरंभ केल्यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९७९ मध्ये शाळांसाठी अग्निसुरक्षेचा अभ्यासक्रम आणला. अशा अभ्यासक्रमांच्या छायेत वाढलेल्या पुस्तकांचा भर कृतींवर असतो : धुराखालून रांगत जाणे, कपड्यांनी पेट घेतल्यास थांबून जमिनीवर लोळणे, बाहेर पडल्यावर ठरलेल्या जागी जमणे, खेळण्यासाठी परत न फिरणे. मुखवटा चढवलेल्या अग्निशामकाचे चित्र हाही या पुस्तकांचा महत्त्वाचा विशेष. धुरातून येणारी ती विचित्र आकृती राक्षसाची नव्हे, तिच्यापासून लपू नये, हे मुलाला आधीच कळावे म्हणून ते पान असते. टॉलस्टॉय यांच्या निरीक्षणाला मिळालेले हे शतकानंतरचे उत्तर होय.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी संबंध दोन वाटांनी येतो. मॉस्कोच्या ‘प्रगती’ व नंतर ‘रादुगा’ प्रकाशनांची मराठीत अनुवादित बालपुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रातील घरांत पोहोचली, आणि रशियन चित्रपुस्तकाची दृष्टी एका पिढीच्या परिचयाची झाली. (१९८२ मध्ये स्थापन झालेली ही ‘रादुगा’ आणि मार्शाक यांची ‘रादुगा’ या भिन्न संस्था, नावाचा अर्थ मात्र एकच, इंद्रधनुष्य.) दुसरी वाट अनुभवाची. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मराठी भाषेने तर बंब हा शब्द आग विझवणारी गाडी आणि न्हाणीघरातील पाणी तापवण्याचे भांडे या दोहोंसाठी वापरून आगीची दोन्ही रूपे एका शब्दात सामावली आहेत.

तथापि, सुरक्षेचे शिक्षण मुलाला दिले म्हणजे मोठ्यांची जबाबदारी संपते, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे स्वयंपाकाच्या आगीने शाळेचे शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. तेथे कोणत्याही मुलाने काडी ओढली नव्हती. छप्पर शाकारलेले असावे, चूल त्याच्या जवळ असावी, जिना अरुंद असावा, हे निर्णय मोठ्यांचे होते. पाउलीनचे आईवडील आणि लेनाची आई घराबाहेर आहेत. कुंभकोणमसारख्या घटनांत मोठी माणसे उपस्थित असूनही मुले निराधारच राहिली.

शिक्षा करणारी आग, वाचवणारा वीर आणि सावध मूल असा प्रवास या चित्रपुस्तकांनी आजवर केला आहे. त्यांतील प्रत्येक पायरी आधीचीपेक्षा अधिक माणुसकीची आहे, यात शंका नाही. मात्र पाउलीनच्या गोष्टीपासून रिकामी असलेली एक जागा अद्याप पुरती भरलेली नाही : काडेपेटी हाताशी ठेवणाऱ्या, दाराला कुलूप घालणाऱ्या, जिना अडवणाऱ्या मोठ्या माणसाची. असे पुस्तक मुलाला मोठ्याने वाचून दाखवणारा मोठा माणूसच असतो. त्याच्यासाठीही एखादे पान राखून ठेवणे, ही या साहित्यप्रकाराची पुढची पायरी ठरेल.