पणजीचे ग्रंथभांडार आणि नगरीची साक्ष

एज्राच्या पुस्तकाच्या पाचव्या व सहाव्या अध्यायांत एक विचार करण्याजोगा प्रसंग आलेला आहे. यरुशलेमेतील मंदिर पुन्हा बांधण्याचा अधिकार यहूद्यांना कोणी दिला, असा प्रश्न उपस्थित झाला व तो दारयावेश राजापर्यंत गेला. राजाने दफ्तरखान्यात शोध करण्याची आज्ञा केली. शोधास बाबेलात आरंभ झाला. लेख मात्र सापडला तो दूरच्या अखमथा येथील राजवाड्यात. त्यात कोरेश राजाचा जुना हुकूम होता, आणि त्या हुकुमाच्या बळावर मंदिराचे थांबलेले काम पूर्ण झाले. देवाच्या कार्यात दफ्तराचे स्थान काय असते, हे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आपण ज्या नगरात सेवा करतो त्या नगराचा इतिहास जाणून घेणे हा विद्वानांचाच छंद आहे, अशी समजूत आपल्या धर्मगुरूंमध्ये व धर्मशिक्षकांमध्ये आढळते. ही समजूत बरोबर नाही, असे आम्हांस वाटते. ज्यांच्यामध्ये आपण सुवार्ता सांगतो त्यांना आपल्या मंडळीविषयी काय आठवते, हे ठाऊक नसेल तर आपले शब्द कोणत्या जमिनीत पडत आहेत हेही आपणांस कळणार नाही. या दृष्टीने पणजी नगरीचे ग्रंथालय व तेथील दफ्तरखाना यांचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहोत.

नगरीची जडणघडण

पणजी हे मूळचे स्वतंत्र गावही नव्हते. ताळगाव या गावाचा तो एक वाडा होता. मांडवीच्या काठी आदिलशाहाचा वाडा होता आणि सभोवती दलदल, वाळूच्या टेकड्या व माडबागा होत्या. १६३३-३४ साली काउंट ऑफ लिन्यारिश या व्हाइसरॉयने पणजी ते रायबंदर असा लांब बांध घातला, तेव्हा राजधानीशी या जागेचा खुश्कीचा संबंध जुळला. पुढे रोगराईने जुने गोवे ओस पडू लागले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम आदिलशाहाच्या वाड्यात हलविला आणि १८४३ साली पणजीस 'नोव्हा गोवा' या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला.

मधल्या काळात, १८२७ ते १८३५ या वर्षांत, दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत दलदली बुजविल्या गेल्या, टेकाडे सपाट झाली व सरळ रस्ते आखले गेले. याच अधिकाऱ्याने १८३२ साली येथे सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केले. रस्ते व ग्रंथ एकाच हाताने नगरीत आणले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दोनच वर्षांनी, १८३४ साली, पोर्तुगालात धर्मसंघ बंद करण्याचा हुकूम निघाला व १८३५ साली तो गोव्यात अमलात आला. ऑगस्टिनियन, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन यांचे मठ रिकामे झाले. त्यांच्या ग्रंथसंग्रहांतील पुष्कळ पुस्तके पणजीच्या ग्रंथालयात आली. जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. त्या मठाची मोठी घंटा अखेर पणजीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चवर १८७१ साली चढविण्यात आली. ती आजही पणजीकरांना ऐकू येते. मठाची घंटा चर्चकडे आली आणि मठांचे ग्रंथ सरकारी ग्रंथालयाकडे गेले. घंटेचा नाद आपण ऐकतो. ग्रंथांची मात्र विचारपूस करीत नाही.

या ग्रंथालयाची नावे व जागा अनेकदा बदलल्या. बरीच वर्षे ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होते. २०११ साली ते पाटो येथील नव्या वास्तूत गेले. त्यास आता कृष्णदास शामा यांचे नाव आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णकथा रचणाऱ्या या गोमंतकीय कवीचे नाव त्या भांडारास मिळावे, हे सर्वथा उचित झाले.

दफ्तरखाना आणि त्याचे राखणदार

ग्रंथालयाहून कितीतरी जुना आहे तो गोव्याचा दफ्तरखाना. १५९५ साली तो स्थापन झाला व इतिहासकार दियोगु द कोउतु हे त्याचे पहिले रक्षक नेमले गेले. लिस्बनहून दरवर्षी गलबतांबरोबर येणारी राजाची पत्रे व त्यांची उत्तरे यांचे बाड 'मोंसोंइश दु रेइनु' या नावाने ओळखले जाते. मोसमी वाऱ्यांवर टपाल अवलंबून असे. म्हणून दफ्तराला मोसमाचे नाव. याखेरीज शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार व गावकाऱ्यांचे कागद येथे आहेत. त्यांतील काही मोडीत, तर काही गोंयकानडी लिपीत आहेत.

दोन व्यक्तींचे ऋण येथे मानले पाहिजे. झुआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हार हे एव्होरा येथील ग्रंथपाल १८५५ साली सरकारचे मुख्य सचिव म्हणून गोव्यास आले. त्यांनी १८५७ पासून दफ्तरातील कागद खंडशः छापून काढले आणि फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण पुनर्मुद्रित केले. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४-१९६९) यांनी या दफ्तराची व्यवस्था लावली व पोर्तुगेज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास त्यातून उभा केला. एक ख्रिस्ती पोर्तुगेज, एक हिंदू गोमंतकीय. दोघांनीही एकाच दफ्तराची सेवा केली.

आपल्याविषयीची साक्ष

या भांडारात आपल्या मंडळीच्या गौरवाची साक्ष आहे, तशीच तिच्या दोषांचीही आहे. दोन्ही वाचल्या पाहिजेत.

गौरवाची साक्ष क्रिस्तपुराणाची. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व चाळीस वर्षे येथेच राबून १६१९ साली निवर्तले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. देशी लिपीचे खिळे मिळावेत अशी इच्छा त्यांनी १६०८ साली वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती; ती सफल झाली नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. अशी एक प्रत पणजीच्या ग्रंथालयात आहे. देवनागरीतील एक प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात होती. तिचा शोध अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन अॅबट यांनी लावला. ज्या अज्ञात भाविकांनी रात्री जागून ओव्या उतरविल्या त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा आद्य ग्रंथ आपल्या हाती आला.

आता दुसरी साक्ष. १६०६ साली गोव्याच्या पाचव्या प्रांतिक धर्मपरिषदेने ठरविले की, लोकांची भाषा येत नसलेल्या धर्मगुरूस कोणत्याही चर्चचा कारभार देऊ नये. आणि १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांच्या हुकुमाने लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगेज बोलावी, असे फर्मावण्यात आले. दोन्ही लेख रिव्हारांनी प्रकाशात आणले. एकाच मंडळीच्या छत्राखाली ऐंशी वर्षांत केवढे अंतर पडले, हे ते लेख शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते. एक वाट पेंटेकॉस्टची होती. दुसरी तशी नव्हती.

याहून वेदनादायक कागद जमिनींच्या नोंदवह्यांचे आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे मोडण्यात आली व त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे व ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. त्या जमिनी नोंदविताना कारकुनांनी देवांची, देवळांची व सेवेकऱ्यांची नावे लिहून ठेवली. ज्या हातांनी देवळे पुसली त्याच हातांनी त्यांची आठवण राखली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास का गेली, याचा उलगडा या काळात आहे. पणजीत महालक्ष्मीचे देऊळ उभे राहण्यास १८१८ साल उजाडावे लागले. इन्क्विझिशनचे गोव्यातील बहुतेक कागद तर नष्टच झाले. तेथे दफ्तराचे मौन हीच साक्ष आहे.

हे वाचून कोणाची श्रद्धा डळमळेल, असे भय बाळगण्याचे कारण नाही. पवित्र शास्त्राने दावीदाचे पाप व पेत्राचा नकार लपविलेला नाही. जी मंडळी आपले दोष कागदावर पाहू शकते, तिलाच शेजाऱ्यासमोर पश्चात्तापाचा शब्द बोलण्याचा अधिकार येतो. पणजीतील धर्मगुरू व महालक्ष्मीचा भाविक हे एकाच बाजारात भेटतात; त्या भाविकाच्या घरी कोणती कथा सांगितली जाते हे धर्मगुरूस माहीत असणे, हे संवादाचे पहिले पाऊल होय.

आपले काम

आपली नगरे वेगवेगळी आहेत. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. वडोदऱ्यास सयाजीरावांनी १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभारले. प्रत्येक ठिकाणी शोधास जागा आहे. आरंभ कसा करावा, याविषयी तीन सूचना करतो.

पहिली, आपल्या चर्चच्या कपाटापासून सुरुवात करावी. विवाहांची नोंद ठेवण्याचा नियम त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली घालून दिला. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्यांतून कुटुंबे, धंदे, साथी व स्थलांतरे यांचा इतिहास मिळतो. या वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात, कसर व वाळवी यांपासून जपाव्यात, पानांना क्रमांक घालावेत. जीर्ण वही रद्दीत देऊ नये व चिकटपट्टीने सांधूही नये.

दुसरी, नगरातील ग्रंथालयात जाऊन जुनी वृत्तपत्रे व राजपत्रे पाहावीत. टिपण करताना बाडाचे नाव, पान व तारीख लिहावी, म्हणजे मागून येणाऱ्यास तोच कागद सापडेल.

तिसरी, मोडी शिकावी. निदान प्रत्येक धर्मप्रांतात एकास तरी ती वाचता यावी. लिपी जाणणारे डोळे मिटले म्हणजे कागद शाबूत असूनही मुका होतो.

कोरेशाचा हुकूम लिहिणाऱ्या लेखकाचे नाव एज्राने दिलेले नाही, आणि तो जपणाऱ्याचेही नाही. तरी त्यांच्या प्रामाणिकपणावर मंदिराचे काम अडले वा सुटले. आपल्या वहीत आज जी नोंद होईल ती उद्या कोणाच्या न्यायाला उपयोगी पडेल, हे आपणांस ठाऊक नाही. म्हणून ती खरी, स्वच्छ व पूर्ण असावी.