स्वामित्वदर्शक शब्द (इंग्रजी व्याकरण)

वस्तू किंवा व्यक्ती कोणाची, हे सांगणारे, सर्वनामांपासून झालेले इंग्रजी शब्द. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर हे नामाआधी येतात (‘माय बुक’); माइन, युअर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स हे नामावाचून येतात (‘दिस बुक इज माइन’). शालेय व्याकरणे पहिल्यांना विशेषणे म्हणतात, दुसऱ्यांना सर्वनामे. ‘हिज’ दोन्हीकडे तोच राहतो. ‘इट्स’ सहसा एकटा येत नाही.

‘विशेषण’ हे नाव मराठी माणसाला चटकन पटते, कारण आपला ‘माझा’ खरोखरच विशेषणासारखा चालतो: माझा भाऊ, माझी बहीण, माझे घर. जुन्या इंग्रजीतला ‘मीन’ असाच नामाच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलत असे. पुढे प्रत्यय झिजले. व्यंजनापूर्वी ‘न’ गळून ‘माय’ झाले. स्वरापूर्वी ‘माइन’ बराच काळ टिकले, म्हणून शेक्सपिअरच्या काळात ‘माइन आइज’ असे रूप भेटते. ‘इट्स’ यांतला सर्वांत धाकटा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नपुंसकलिंगालाही ‘हिज’च चाले; १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ आवृत्तीत ‘इट्स’ नाही.

आजच्या ‘माय’ला विशेषण म्हणणे मात्र अपुरे आहे. ‘हे माझे पुस्तक’ मराठीत सहज चालते. इंग्रजीत ‘दिस माय बुक’ आता चालत नाही. ‘अ’, ‘द’, ‘दिस’ यांची जी जागा तीच ‘माय’ची, आणि तिथे दोघांना थारा नाही. त्यामुळे ‘माझा एक मित्र’ म्हणायला ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ असा वळसा घ्यावा लागतो. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणात ‘माय’ निर्धारक, म्हणजे याच जागेवर येणारा शब्द, ठरतो. हडलस्टन आणि पुलम यांचे २००२ चे व्याकरण ‘माय’ आणि ‘माइन’ या दोन्हींना सर्वनामाची षष्ठीची रूपे मानते. ही दुसरी मांडणी अधिक नेमकी आहे: शब्द सर्वनामच राहतो, बदलते ते वाक्यातले काम.

मराठी विद्यार्थी अडखळतो तो लिंगापाशी. ‘त्याची बहीण’ म्हणताना ‘त्या’ मालक सांगतो आणि ‘ची’ बहीण. इंग्रजीत फक्त मालकाचे लिंग पाहतात, म्हणून ‘हिज सिस्टर’. ‘आमचा’ आणि ‘आपला’ हा मोलाचा भेद ‘अवर’मध्ये पुसला जातो. ‘राम आपल्या भावाला भेटला’ आणि ‘राम त्याच्या भावाला भेटला’ यांतला फरकही ‘हिज’ दाखवत नाही. गरज पडली तर ‘ओन’ जोडावा लागतो. उलट, ‘त्याने हात धुतले’ एवढ्यावर मराठी थांबते, तिथे इंग्रजीला ‘हिज हँड्स’ म्हणावेच लागते.

लिहिताना यांपैकी एकाही शब्दाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही. ती घातली की ‘इट्स’चा अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतो.