वांग्याच्या आकाराची मूस



परवा बैठकीत अर्ज भरताना ‘कौशल्य’ हा रकाना आला. कुंभारवाड्यातल्या एक ताई म्हणाल्या, “तिथं काही नाही असं लिही गं. मडक्यांशिवाय मला काय येतंय?” म्हणून आज जस्ताची गोष्ट सांगते.

आपली पितळेची कळशी तांबं आणि जस्त मिळून होते. जस्ताचं खनिज खाणीतून निघतं. ते आधी भाजायचं, मग कोळशासोबत तापवायचं. पण खनिजातून जस्त सुटायला साधारण १००० अंश उष्णता लागते आणि ९०७ अंशांलाच त्याची वाफ होते. वाफेला हवा लागली की जळून पांढरी भुकटी! मग धातू हाती यायचा कसा?

राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर गावी हे कोडं सुमारे ८०० वर्षांपूर्वी सुटलं, तेही मातीच्या भांड्यानं. वांग्याच्या आकाराची मूस घडवायची. तिच्यात भाजलेल्या खनिजाच्या गोळ्या भरायच्या, तोंडाला मातीची नळी जोडायची. मूस उलटी केल्यावर माल सांडू नये म्हणून आत एक काडी खोवायची. अशा ३६ मुशी भट्टीत उलट्या लावायच्या, नळ्या खालच्या थंड कप्प्यात. काडी जळाली की वाट मोकळी. वाफ खाली उतरायची, गार व्हायची आणि जस्त खालच्या भांड्यात जमायचं. भाताच्या झाकणाला वाफेचं पाणी धरतं, तसंच.

‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात अशा मुशीचं वर्णन आहे. पुढे १७३८ मध्ये इंग्लंडातल्या विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. त्याचं नाव कागदावर राहिलं. जावरला मुशी घडवणाऱ्या हातांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या भट्ट्या विझल्या. वापरलेल्या मुशींचे ढीग अजून आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंतीसुद्धा बांधल्या.

कोणती माती आच सोसते, तडा कशानं जातो, हे ज्ञान नसतं तर जस्त हाती आलंच नसतं.

ताईंच्या रकान्यात मी ‘मातीकाम’ लिहिलं. त्या म्हणाल्या, “थांब, भट्टी लावणंही लिही.”

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तो रकाना कोरा सोडू नका.