ठग, रुमाल आणि नळदुर्गचा साहेब

हॉलिवूडच्या पिक्चरमधलं प्राचीन देऊळ कसं असतं, हे एव्हाना आपल्याला पाठ झालंय. बाहेर जंगल, आत अंधार. मशाली मात्र पेटलेल्या. त्यात तेल कोण घालतं हे विचारायचं नाही. हीरोचा पाय एका ठराविक फरशीवर पडतो, फरशी दोन इंच खाली जाते, कुठेतरी दगडी चाकं करकरतात आणि छतातून भाले खाली यायला लागतात. पाचशे वर्षांत या यंत्राला कोणी हात लावलेला नाही. ग्रीस नाही, सर्व्हिसिंग नाही, तरी पहिल्या फटक्यात चालू! आमच्याकडे शुक्रवारी चालणारा कोड सोमवारी चालत नाही, आणि त्याला तर पावसाळाही लागलेला नसतो.

असल्या येड्या शोधांचं मोठं प्रदर्शन म्हणजे १९८४ चा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'. गोष्ट घडते १९३५ साली, हिंदुस्थानातल्या एका संस्थानात. राजवाड्यात जेवायला साप, किडे, डोळ्यांचं सूप आणि शेवटी गोड म्हणून माकडाचा थंडगार मेंदू. (पुरणपोळी दिली असती तर जोन्ससाहेब तिथेच झोपले असते आणि पिक्चर संपला असता.) राजवाड्याखाली कालीचं भुयारी देऊळ, देवळात ठग आणि ठगांचा म्होरक्या मोलाराम, म्हणजे आपले अमरीश पुरी. हा मोलाराम नुसत्या हाताने माणसाचं काळीज बाहेर काढतो आणि तो माणूस तरीही जिवंत राहून ओरडत असतो. खरा मोलाराम ठाऊक आहे का? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला गढवालचा चित्रकार. बिचारा आयुष्यभर नाजूक लघुचित्रं काढत बसला होता.

स्क्रिप्ट वाचून भारत सरकारने चित्रीकरणाला आडकाठी केली, म्हणून मंडळी श्रीलंकेत गेली. त्यामुळे पिक्चरमधलं 'भारतीय' खेडं सिंहली बोलतं. तो प्रसिद्ध दोरांचा पूलही तिथलाच, आणि तो बांधला जवळच धरणाचं काम करणाऱ्या ब्रिटिश इंजिनियरांनी. म्हणजे अख्ख्या पिक्चरमधली एकमेव भरवशाची वस्तू धरणवाल्यांची! धरणाकडे पुढे यायचंच आहे.

पण मुळात १९३५ साली ठग आले कुठून? त्यांचा बंदोबस्त त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू झाला होता. उत्तर सोपं आहे: आधीच्या पिक्चरमधून आले. १९३९ च्या 'गंगा दीन'मध्ये हेच सगळं आहे, कालीचे ठग, टकल्या गुरू, सोन्याचं देऊळ. हिंदुस्थानचे डोंगर म्हणून दाखवलेत कॅलिफोर्नियातले. त्यावर मुंबई आणि बंगालमध्ये बंदी आली होती. १९५९ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे' काढला. १९८८ मध्ये पिअर्स ब्रॉस्ननला ठगाचा वेष चढवून 'द डिसीव्हर्स' आला. प्रत्येकाने आधीच्या कोडची कॉपी मारली आणि त्यात आपले दोन-चार बग घातले.

ही कॉपी मागे मागे नेली की आपण १८३९ सालच्या एका इंग्रजी कादंबरीपाशी पोचतो: 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. लेखक फिलिप मेडोज टेलर. आणि हा गृहस्थ पुढे अधिकारी म्हणून राहायला आला तो थेट धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गला.

टेलरची स्वतःची गोष्ट कोणत्याही पिक्चरपेक्षा बरी आहे. जन्म १८०८, लिव्हरपूल. पंधराव्या वर्षी मुंबईला आला, एका व्यापाऱ्याकडे नोकरी ठरवून. इथे उतरल्यावर कळलं की व्यापाऱ्याचाच धंदा गाळात आहे. ऑफर लेटर हातात आणि कंपनी बुडालेली, हे दुःख आमच्या पिढीलाच होतं असं नाही. मग ओळखीने निजामाच्या फौजेत चिकटला. भाषा शिकला, पोलीस खात्यात काम केलं, कायदा, मोजणी, इंजिनियरिंग सगळं स्वतःचं स्वतः शिकला. तळी बांधली, रस्ते काढले. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपायी निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली करावे लागले. तेव्हा या पश्चिमेकडच्या भागाचा कारभार टेलरकडे आला आणि १८५७ पर्यंत तो नळदुर्गला होता. तिथून त्याला वऱ्हाडात धाडलं. १८६० साली इंग्रजांनी नळदुर्ग निजामाला परतही करून टाकलं.

ठगांचं पुस्तक त्याने त्याच्या कितीतरी आधी लिहिलं होतं. पुस्तकाचा हीरो अमीर अली तुरुंगात बसून साहेबाला आपली कहाणी सांगतो. ७१९ खून कबूल करतो, आणि बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे केले असते अशी वर हळहळही. पुस्तक लंडनमध्ये तुफान चाललं. विशीतल्या व्हिक्टोरिया राणीला इतकी घाई झाली की छापून व्हायच्या आत तिने प्रुफं मागवली, असं सांगतात.

आता गंमत बघा. या पुस्तकात भुयार नाही, लाव्हा नाही, खाली येणारं छत नाही. ठगाकडे हत्यार एकच, रुमाल. खरं कसब बोलण्यात. वाटेत एखादा सावकार किंवा शिपाई गाठायचा, 'रस्ता वाईट आहे, सोबत जाऊ' म्हणायचं, चार दिवस गप्पा, गाणी, एकत्र जेवण. मग एका संध्याकाळी कोणीतरी सहज म्हणतो, 'तंबाखू आण', आणि तोच इशारा. आजच्या भाषेत हे फिशिंग झालं. बँकेतून बोलतोय सांगणारा गोड आवाज आणि अमीर अली, दोघांचा धंदा एकच: आधी विश्वास, मग गळा. मराठीने हे बरोबर पकडलंय. आपल्याकडे ठग म्हणजे फसवणारा, ठकवणारा. इंग्रजीत तोच शब्द गेला आणि नुसता दांडगट गुंड झाला. हॉलिवूडने तर दंडही पुरेनात म्हणून काळजात हात घातला.

पुस्तकातली ठगांची देवी भवानी आहे. दीक्षा म्हणून ते तिचा गूळ खातात. आणि नशिबाचा खेळ असा की पुढे या लेखकाच्या हाताखाली जो मुलूख आला, त्यातच तुळजापूर! अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवता. १८६३ साली त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली, तीत तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी आहे, देऊळ आहे, अफझलखान आहे. तिच्यावर मात्र हॉलिवूडने पिक्चर काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. कोणाचं काळीज काढत नाहीत ना तिच्यात.

इथवर हसून झालं. पण टेलर आणि त्याच्या आधी ठगांच्या जबान्या छापणारा स्लीमन, या दोघांचा माल मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून आलेला. फाशी टाळायची असेल तर साहेबाला हवं तेच सांगणार की! ठग हा पिढीजात पंथ होता की पोटासाठी वाटमारी करणाऱ्या टोळ्या, यावर इतिहासकार आजही भांडतात. कायदा मात्र थांबला नाही. १८३६ च्या कायद्याने अमुक एक खून सिद्ध करायची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. १८७१ च्या कायद्याने त्याच विचाराने अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरल्या. मूल जन्मतःच संशयित, पोलिसात हजेरी. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. हा कायदा देशभरातून जायला १९५२ साल उजाडलं.

आणि त्याच साली धनेगावात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लातूर तालुक्यात, लक्ष्मण गायकवाड जन्मले. (लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये.) त्यांचं 'उचल्या' १९८७ ला आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'जन्मजात चोर' असा शिक्का बसलेल्या घरात भूक कशी असते, पोलीस दारात आले की काय होतं, हे तिथे घरातला माणूस सांगतो. एकाच मुलुखाशी नातं असलेली ही दोन पुस्तकं. एकात गुन्हेगार साहेबापुढे बसून बोलतो आणि लिहितो साहेब. दुसऱ्यात ज्याला गुन्हेगार म्हटलं तोच लिहितो. दोन्ही वाचा, पण 'उचल्या' नंतर वाचा, म्हणजे अमीर अलीची फर्डी कबुली जरा वेगळी ऐकू येते.

राहिलं धरण. 'टेम्पल ऑफ डूम'च्या शेवटाकडे ठग पाण्याचं अजस्र टाकं कलंडवतात आणि भुयारातून लोंढा हीरोच्या मागे लागतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ च्या सुमारास बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला, पाणीमहाल. वरून पाणी दोन वाटांनी कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. मधल्या खिडकीत बसलात तर डोळ्यांसमोर धबधबा आणि खोली कोरडी! चाक नाही, कळ नाही, हलणारा एकही भाग नाही. चारशे वर्षं झाली, सिस्टीम चालू आहे. टेलरने आत्मचरित्रात या किल्ल्याचं वर्णन केलंय. हॉलिवूडला मात्र ही जागा कधीच चालणार नाही. हीरो पायऱ्या उतरतो, खिडकीत बसतो, तुषार अंगावर घेतो, वर येतो. कट.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने तासाभराची वाट आहे. बोरीला पाणी चढलं तरच नर-मादी वाहतात, तेव्हा पाऊस झाल्याची खात्री करून निघा. आत अंधार आहे, जिना आहे, दगडी फरशी आहे. कुठेही पाय द्या, काही होत नाही.